नवे कपडे वापरण्यापूर्वी धुणे

नवे कपडे वापरण्यापूर्वी धुणे : विकत आणलेला किंवा शिवून घेतलेला कपडा पहिल्यांदा अंगात घालण्याआधी पाण्यातून, बहुधा साबण लावून, काढण्याची रीत. न धुतलेल्या कपड्याला मराठीत कोरा म्हणतात आणि तो प्रथम वापरण्याला घडी मोडणे असा वाक्प्रचार आहे. घडी मोडण्याआधी कपडा धुवावा की नाही, याचे उत्तर कपड्यातील कोणते द्रव्य सुटे आहे आणि कोणते धाग्याशी बांधलेले आहे यावर ठरते. पहिल्या धुण्यात सुटे असेल तेवढेच निघते. या रीतीबद्दलचे बरेचसे वाद हा भेद न पाळल्यामुळे झालेले दिसतात.

‘कोरा’ या शब्दामुळेही थोडा घोटाळा होतो. कापडाच्या धंद्यात कोरा माल म्हणजे मागावरून उतरलेले, विरंजन (रंग घालवून पांढरे करणे) व रंगाई न झालेले, खळ तशीच असलेले कापड. घरात मात्र एकदाही न धुतलेला कोणताही कपडा कोराच. कारखान्यात धुऊन, रंगवून, संस्करण (कापडाला हवे ते गुण देणारी अखेरची प्रक्रिया) करून आलेला सदरा पहिल्या अर्थाने कोरा नसतो, दुसऱ्या अर्थाने असतो. कोरे कापड धुऊन घ्यावे हा जुना सल्ला मुळात पहिल्या प्रकारच्या मालाला लागू होता. आज तो दुसऱ्याला लावला जातो आणि त्यासाठी दिली जाणारी कारणेही वेगळी आहेत.

मूळ : या रीतीचे मूळ दोन प्रकारे सांगता येते. पहिल्या मतानुसार ती कापड आटण्याच्या भीतीतून आली. विणताना आणि नंतरच्या प्रक्रियांत सूत ताणलेले राहते. पाणी लागले की हा ताण सुटतो, सूत आपल्या मूळ लांबीकडे परत जाते आणि कापड आखडते. म्हणून बेतण्याआधी कापड भिजवून वाळवण्याची शिंप्यांची पद्धत होती. लोकरीच्या उंची कापडासाठी ‘लंडन श्रंक’ नावाची स्वतंत्र क्रिया रूढ झाली. तीत कापड दमट करून, ताण न देता सावकाश वाळवत. दुसरे मत आरोग्याचे कारण पुढे करते. अंगावरची ऊ आपली अंडी त्वचेवर न घालता कपड्याच्या शिवणींत घालते. शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये प्रलापक सन्निपात ज्वर म्हणजे टायफस उवांमार्फत पसरतो हे दाखवल्यावर (या कार्यासाठी त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले) कपड्यांच्या स्वच्छतेकडे पाहण्याची दृष्टी बदलली, हे खरे. पण हे कारण दुसऱ्याने वापरलेल्या कपड्यांना लागू पडते. कोऱ्या कपड्यांना ते ओढूनताणून लावावे लागते, म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

आटण्याचे कारण पुढे बरेचसे मागे पडले, ते सॅनफोरायझिंगमुळे. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन संशोधकाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या क्रियेचा काळ सामान्यतः १९३० च्या सुमाराचा धरतात. ओलसर कापड जाड रबरी किंवा नमद्याच्या पट्ट्यावर दाबून यंत्रातच लांबीला आखडवले जाते, त्यामुळे घरच्या धुण्यात आटायला सुमारे एक टक्क्याहून कमी वाव उरतो. विणीऐवजी गुंफणीच्या कापडात, म्हणजे बनियन, टी-शर्ट इत्यादींत, ताण जास्त राहतो आणि असे कपडे आजही पहिल्या एकदोन धुण्यांत लांबीला आखूड व रुंदीला ढगळ होताना दिसतात. लोकरीचे आटणे निराळे. तिच्या तंतूंवरील खवले एकमेकांत अडकून ती प्रत्येक चुकीच्या धुण्यात अधिकाधिक घट्ट होत जाते, म्हणून एकदा धुऊन तिचा प्रश्न मिटत नाही.

खळ : ताण्याचे सूत मागावर घासून तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. हातमागावर या कामाला पांजणी म्हणतात. पूर्वी ही खळ पिष्टमय पदार्थांची असे, पुढे पॉलिव्हिनिल अल्कोहॉल व कार्बॉक्सिमिथिल सेल्यूलोज यांचा वापर वाढला. रंगाईपूर्वी ही खळ काढावी लागते. पिष्टाची खळ अ‍ॅमिलेज या एंझाइमाने विरघळवतात. काही कपड्यांत, विशेषतः न धुतलेल्या डेनिममध्ये, ती मुद्दाम ठेवलेली असते. खळ त्वचेला सहसा अपाय करत नाही. मात्र ती पाणी शोषू देत नाही, कापड टोचरे ठेवते आणि दमट जागी बुरशीला अन्न पुरवते. हे सारे साध्या पाण्याने आणि साबणाने निघते.

नव्या टॉवेलाची गोष्ट याला जवळची आहे, फक्त तेथे खळीच्या जागी मऊपणासाठी दिलेले सिलिकोनसारखे संस्करण असते. कोऱ्या टॉवेलावर पाण्याचा एक थेंब सोडला तर तो पुष्कळदा मण्यासारखा गोल राहून घरंगळतो. दोनतीन धुण्यांनंतर तोच थेंब टेकताक्षणी आत जिरतो.

फॉर्माल्डिहाइड व सुरकुतीरोधक संस्करण : फॉर्माल्डिहाइड हा उग्र वासाचा, पाण्यात विरघळणारा वायू. नवे कपडे धुवावेत या आजच्या सल्ल्याचा मुख्य आधार कपड्यात राहणारा त्याचा अंश हा आहे. कापसाच्या तंतूतील सेल्यूलोजाच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. घाम किंवा दमट हवा लागली की हे बंध तुटतात, साखळ्या सरकतात आणि कापड ज्या स्थितीत चुरगळलेले असेल त्याच स्थितीत नवे बंध जुळतात. हीच सुरकुती. साखळ्यांमध्ये अधिक बळकट, सहसंयुजी आडबंध घातले तर कापड पुन्हा सपाट होते. मँचेस्टरच्या टूटल ब्रॉडहर्स्ट ली या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी यूरिया-फॉर्माल्डिहाइड राळेने हे साधले. याचे वर्ष वेगवेगळे दिले जाते. पेटंटासाठी अर्ज केल्याचे वर्ष धरणारे १९२६ सांगतात, तर माल बाजारात येण्याला महत्त्व देणारे १९३० नंतरची पहिली काही वर्षे. शोधाच्या दृष्टीने पहिली तारीख धरणे बरे. पुढे मेलॅमीन-फॉर्माल्डिहाइड आणि त्यानंतर डायमिथिलॉल डायहायड्रॉक्सी एथिलीन यूरिया ही राळ आली. ‘इस्त्री नको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुती कपड्यांत हिचाच, किंवा हिच्यापासून काढलेल्या कमी फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्या प्रकारांचा, वापर प्रामुख्याने होतो.

कपड्यातील फॉर्माल्डिहाइड दोन रूपांत असते. क्रियेत भाग न घेता राहून गेलेले ते सुटे फॉर्माल्डिहाइड. एकत्र घडी घालून पिशवीत बंद केलेला सदरा उघडताच नाकाला झोंबणारा जो वास येतो, त्यात याचा वाटा असू शकतो. पहिल्या धुण्यात हा भाग मोठ्या प्रमाणात निघून जातो. दुसरे रूप राळेत बांधलेले असते. उष्णता, दमटपणा आणि घाम यांनी राळेचे थोडेथोडे विघटन होऊन ते सावकाश सुटत राहते. त्यामुळे धुतलेला कपडा महिनोन्‌महिने बंद कपाटात राहिला तर त्यात फॉर्माल्डिहाइड पुन्हा साठू शकते.

मोजमापाच्या पद्धतींत हाच भेद उतरला आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १४१८४ या मानकाच्या पहिल्या भागात कापडाचा नमुना ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक तास ठेवून पाण्यात उतरलेले फॉर्माल्डिहाइड मोजतात. घामाने ओले होणाऱ्या अंगावरच्या कपड्याला ही स्थिती जवळची आहे. दुसऱ्या भागात, तसेच अमेरिकेतील बरणीच्या पद्धतीत, बंद बरणीत तळाशी पाणी ठेवून त्याच्या वर कापड टांगतात आणि ४९ अंशांवर २० तासांत वाफेवाटे सुटलेले प्रमाण काढतात. ही स्थिती गोदामातील गठ्ठ्यासारखी आहे. बरणीच्या पद्धतीत राळेतूनही फॉर्माल्डिहाइड सुटते, म्हणून तिचा आकडा बहुधा मोठा येतो. एका पद्धतीने काढलेला आकडा दुसऱ्या पद्धतीवर बेतलेल्या मर्यादेशी ताडणे चूक आहे.

मर्यादांबाबत जपानचा १९७३ चा घरगुती वस्तूंतील हानिकारक द्रव्यांविषयीचा कायदा महत्त्वाचा. त्याखालील नियमांनी त्वचेला लागणाऱ्या कपड्यांसाठी दर किलोग्रॅमला ७५ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आणि दोन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत फॉर्माल्डिहाइड आढळूच नये असे ठरवले. १९९२ पासून दिल्या जाणाऱ्या ओको-टेक्स १०० या ऐच्छिक प्रमाणपत्रातही त्वचेला लागणाऱ्या कपड्यांसाठी ७५ हाच आकडा आहे. युरोपीय संघाने कर्ककारक इत्यादी द्रव्यांसाठी २०१८ मध्ये केलेला नियम नोव्हेंबर २०२० पासून लागू झाला आणि त्यात फॉर्माल्डिहाइडचा समावेश आहे. अमेरिकेत कपड्यांसाठी अशी राष्ट्रीय मर्यादा नसताना तेथील शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने १८० वस्तू तपासून २०१० मध्ये अहवाल दिला. त्यांपैकी १० वस्तूंत फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण इतरत्र लागू असलेल्या सर्वांत कडक मर्यादांपेक्षा जास्त होते, आणि त्यांतील बहुतेक वस्तू सुरकुती न पडणाऱ्या प्रकारातील होत्या.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. त्यावरून नव्या सदऱ्याने कर्करोग होतो असा अर्थ काढला जातो, तो योग्य नाही. हा निर्णय मुख्यतः कामाच्या ठिकाणी वर्षानुवर्षे श्वासावाटे घेतलेल्या फॉर्माल्डिहाइडच्या पुराव्यावर आधारलेला आहे. कपडा घालणाऱ्याला असलेला सिद्ध धोका संपर्कजन्य त्वक्‌शोथाचा, म्हणजे स्पर्शामुळे होणाऱ्या त्वचेच्या दाहाचा, आहे आणि तोही ज्यांची त्वचा या द्रव्याला संवेदनशील झाली आहे त्यांना. या त्वक्‌शोथाची एक खूण निदानाला फार उपयोगी पडते. कपडा घट्ट लागतो तेथे, म्हणजे काखेच्या कडांना, मांडीच्या आतल्या बाजूला, कमरपट्ट्याखाली पुरळ उठते, पण काखेचा खोलगट भाग बहुधा मोकळा राहतो. दुर्गंधनाशकाच्या अ‍ॅलर्जीत नेमका तो खोलगट भागच लाल होतो.

रंग : गडद सुती कपड्याच्या पहिल्या पाण्यात रंग दिसला की रंग कच्चा असल्याची शंका घेतली जाते. ती नेहमी खरी नसते. १९५६ मध्ये बाजारात आलेली क्रियाशील रंजकद्रव्ये सेल्यूलोजाशी रासायनिक बंधाने जोडली जातात, पण रंगाईच्या वेळी त्यांचा काही भाग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो. हा भाग तंतूवर नुसता चिकटून राहतो. कारखान्यात उकळत्या साबणाच्या पाण्याने तो काढतात, आणि ही पायरी घाईत उरकली की उरलेला रंग घरच्या बादलीत उतरतो. तो गेल्यावर जो राहतो तो पक्का. निळीची गोष्ट वेगळी. निळीचे अविद्राव्य कण सुताच्या बाहेरच्या थरातच बसतात, गाभा पांढरा राहतो आणि रंग घासून निघत राहतो. नव्या डेनिमवरून ओले पांढरे फडके जोराने फिरवले तर फडक्यावर निळा पट्टा उमटतो. पहिले धुणे हे प्रमाण कमी करते, संपवत नाही.

पॉलिएस्टर, नायलॉन व अ‍ॅसिटेट यांवर वापरली जाणारी विकीर्ण रंजकद्रव्ये तंतूत विरघळून राहतात. त्यांचा तंतूशी बंध नसतो. त्यांतील डिस्पर्स ब्ल्यू १०६ व १२४ ही त्वक्‌शोथाची परिचित कारणे आहेत. ज्यांना त्यांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी केवळ धुण्यावर विसंबू नये. असा गडद, अंगाला घट्ट बसणारा कृत्रिम धाग्याचा कपडा टाळावा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडून पट्टी-चाचणी (संशयित द्रव्य पट्टीने त्वचेवर लावून पाहण्याची चाचणी) करून घ्यावी.

पहिल्या पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंग पक्का होतो असा समज दूरवर पसरलेला आहे. रंगाईच्या कुंडात मीठ टाकतात ते रंग पाण्यातून तंतूकडे ढकलण्यासाठी, आणि आम्ल लागते ते लोकर व रेशमावरील आम्ल रंजकद्रव्यांना. तयार सुती कपड्यात या दोहोंनी नवा बंध जुळत नाही. रंग कमी निघावा म्हणून थंड पाणी वापरणे आणि तो कपडा वेगळा धुणे एवढेच उपयोगाचे आहे.

साठवण व हाताळणी : प्रवासात बुरशी लागू नये म्हणून मालात रसायने ठेवली जातात. त्यांपैकी डायमिथिल फ्यूमरेट या पुडीतून बाष्परूपाने पसरणाऱ्या द्रव्याने पादत्राणे व कोचांमुळे तीव्र त्वक्‌शोथ झाल्याचे दिसून आल्यावर युरोपीय संघाने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. दुकानात अनेकांनी घालून पाहिलेल्या कपड्यांतून खरजेचा किडा किंवा ऊ येण्याची शक्यता थोडी आहे. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर बहुधा दोनतीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

धुण्याने जे जात नाही : स्टॉकहोम विद्यापीठात २०१५ च्या सुमारास ६० कपड्यांचे विश्लेषण झाले. त्यात क्विनोलीन, बेंझोथायाझोल इत्यादी संयुगे सापडली आणि दहा धुण्यांनंतरही त्यांचा अंश शिल्लक राहिल्याचे दिसले. धुण्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. कृत्रिम धाग्याच्या नव्या कपड्यातून सूक्ष्म तंतू सर्वांत जास्त पहिल्या काही धुण्यांतच सुटतात आणि सांडपाण्यात जातात.

कपड्यांनुसार भेद : आतले कपडे, अंगाला लागणारे सुती कपडे, चादरी, अभ्रे आणि टॉवेल धुऊन वापरावेत. अस्तर व आतला कडक थर असलेले कोट, रेशमी व लोकरी वस्त्रे यांना पाणी लावण्याऐवजी चिठ्ठीवरील सूचना पाळावी आणि वास असेल तर हवेशीर जागी टांगावे. सुरकुतीरोधक कपड्याला क्लोरीनयुक्त विरंजक लावू नये. काही राळा क्लोरीन धरून ठेवतात आणि इस्त्रीच्या उष्णतेने कापड पिवळे पडून कमजोर होते. तान्ह्या मुलांच्या कपड्यांबाबत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. त्यांची त्वचा पातळ असते, ती कपड्याची कड तोंडात घालतात आणि खाज सुटली तरी ते सांगू शकत नाहीत. त्यांचे कपडे सुगंध नसलेल्या साबणाने धुऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून काढावेत, कारण कापडात राहिलेला साबणही कोवळ्या त्वचेला झोंबतो.