वूश्या चित्रपट

वूश्या म्हणजे जुन्या चीनमधल्या तलवारबाज, भटक्या, शब्दाला जागणाऱ्या वीरांच्या गोष्टी आणि त्यांच्यावर निघालेले पिक्चर. आपल्याकडे हाणामारीचा कुठलाही चिनी पिक्चर सरसकट 'कराटे पिक्चर' होतो (कराटे जपानी, पण ते जाऊ दे). अभ्यासक मात्र वूश्या आणि कुंगफू वेगळे धरतात. कुंगफूत माणूस जास्त करून हातापायांनी लढतो, भर तालमीवर असतो आणि काळही त्या मानाने अलीकडचा असतो. वूश्यात तलवार असते, काळ सहसा मिंग राजवटीचा (१३६८ ते १६४४) नाहीतर त्याच्याही मागचा असतो, आणि माणसं छपरांवरून तरंगत गेली तरी कोणी मान वर करून बघत नाही. ही रेघ तशी कच्चीच आहे, शाओलिन मठावरचे पिक्चर तर दोन्हीकडे मोजले जातात.

शब्दाचा घोळ

'वू' म्हणजे शस्त्रविद्या, लढाई, यात वाद नाही. वाद आहे तो 'श्या'बद्दल. इंग्रजीत त्याला नाइट म्हणतात पण ते काही बसत नाही, कारण नाइटला जमीन, घोडा, राजा, चर्च सगळं लागतं आणि श्याला यातलं काहीच लागत नाही, तो खाटीक असेल, भिकारी असेल, बाई असेल, कोणी पण. जुन्यात जुन्या उल्लेखांपैकी एक इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, कडक कायद्याची बाजू घेणाऱ्या हान फेई या विचारवंताचा, आणि तो चक्क तक्रारीचा आहे. राज्याला पोखरणाऱ्या पाच किडी कोणत्या हे सांगताना तो म्हणतो की विद्वान लोक लेखणीने कायदा बिघडवतात आणि श्या लोक शस्त्राने मनाई मोडतात. म्हणजे हे लोक पहिल्यापासून सरकारच्या डोळ्यात खुपणारेच.

साधारण दीडशे वर्षांनी इतिहासकार सिमा छ्येनने आपल्या ग्रंथात भटक्या श्यांना एक आख्खं प्रकरण दिलं (१२४ वं, मारेकऱ्यांचं प्रकरण वेगळं, ८६ वं, बरेच जण दोन्हींची सरमिसळ करतात). त्याचा सूर असा की हे लोक कायद्यात बसत नाहीत खरे, पण बोलले की करतात, आणि अडलेल्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालून वर उपकाराची जाहिरात करत नाहीत. त्यातला ग्वो ज्ये बघण्यासारखा आहे. ठेंगणा, दारू न पिणारा, तरुणपणी बरेच खून पाडलेला माणूस. त्याच्या भाच्याने एका माणसाला जबरदस्तीने दारू पाजली, त्याने चिडून भाच्याला भोसकलं, आणि ग्वो ज्येने सगळं ऐकून घेतल्यावर चूक माझ्याच पोराची म्हणून खुन्याला सोडून दिलं. पुढे त्याच्याबद्दल वाईट बोलणाऱ्या एका पंडिताला कोणा चाहत्याने परस्पर मारलं, ग्वोला पत्ताही नव्हता. दरबारात मुद्दा असा निघाला की याला माहीत नसताना याच्या नावावर खून पडतो हे तर माहीत असण्यापेक्षा वाईट, आणि त्याला कुटुंबासकट संपवलं.

श्या हा एक समाजगट होता का, म्हणजे जुनी सरंजामी घडी मोडल्यावर बेकार झालेले शिपाई वगैरे, असं मानणारे अभ्यासक आहेत. जेम्स ल्यू यांनी १९६७ च्या पुस्तकात उलट मांडलं की श्या हा वर्ग नाही, स्वभाव आहे, तो कुठल्याही थरातल्या माणसात सापडतो. ग्वो ज्ये वाचला की ल्यूंचंच म्हणणं जास्त पटतं, आणि पिक्चरवाल्यांनीही नकळत तेच धरलं.

आता 'वू' आणि 'श्या' जोडून झालेला शब्द. इतका जुना बाज म्हणजे शब्दही जुना असणार असं वाटतं पण तसं दिसत नाही. जपानी लेखक ओशिकावा शुनरो याने १९०० च्या पुढेमागे आपल्या साहसकथांसाठी 'बुक्यो' हा शब्द चालवला, लिपीतली अक्षरं हीच दोन, आणि तेव्हा जपानात शिकणाऱ्या किंवा पळून गेलेल्या चिनी लोकांनी तो घरी नेला असं आता बहुतेक जण मानतात. चिनी मासिकात 'वूश्या कथा' असं लेबल लागल्याचं पहिलं उदाहरण सहसा १९१५ चं, लेखक लिन शूच्या एका गोष्टीचं देतात, त्याच्या आधीचं काही निघणारच नाही असं नाही. थोडक्यात गोष्ट दोन हजार वर्षांची आणि पाटी शंभर-सव्वाशे वर्षांची. अर्थात हान फेईच्या त्या वाक्याच्या उत्तरार्धात दोन्ही अक्षरं एकत्र आहेतच, त्यामुळे शब्द उसना म्हणायचा तर कच्चा माल घरचाच होता.

ज्यांगहू

दुसरा शब्द ज्यांगहू, अक्षरशः 'नद्या आणि तळी'. ज्वांगझी या प्राचीन ताओवादी ग्रंथात तो शब्दशः येतो: पाणी आटल्यावर मासे एकमेकांना थुंकीने ओलं ठेवतात, त्यापेक्षा नद्या-तळ्यांत एकमेकांना विसरून गेलेले बरे. अकराव्या शतकात फान जोंगयान या मंत्री-लेखकाकडे त्याचा अर्थ दरबारापासून लांबची जागा असा आहे. पिक्चरमध्ये येईपर्यंत त्याची सराया, बोटी, मठ, डोंगरवाटा, पंथ आणि त्यांचे गुरू अशी एक समांतर दुनिया झालेली असते, जिथे सरकारी कायदा नावापुरता आणि उपकार, सूड, गुरुभक्ती यांचा कायदा पक्का. यातून निवृत्त होण्याचाही विधी आहे, सोन्याच्या घंगाळात सगळ्यांसमोर हात धुवायचे. कादंबऱ्यांत हात धुवायला निघालेल्याला सहसा धुऊ देत नाहीत.

पडद्यावर

थांग काळातल्या छोट्या कथांमध्ये (अंदाजे आठवं-नववं शतक) उडणाऱ्या तलवारबाज बायका येतात, न्ये यिनन्यांग त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. मग कथेकऱ्यांची परंपरा, मिंग आणि त्यानंतरच्या छिंग राजवटीतल्या कादंबऱ्या. सिनेमाला माल मिळाला तो १९२३ पासून मासिकात येणाऱ्या एका लांबलचक कादंबरीतून. तिच्यातल्या एका प्रसंगावर शांघायच्या मिंगशिंग कंपनीने १९२८ मध्ये लाल कमळ मंदिराच्या जळिताचा पिक्चर काढला, दिग्दर्शक जांग शिछ्वान, आणि तो इतका चालला की १९३१ पर्यंत १८ भाग झाले. तारेवर लटकवलेली माणसं, फिल्मवर चितारलेल्या उडत्या तलवारी असा सगळा प्रकार. लेखक माओ दुन याने १९३३ मध्ये वैतागून लिहिलंय की थिएटरात लोक टाळ्या काय वाजवतात, ओरडतात काय, जणू समोर पडदा नाही, खरीच लढाई चाललीय. मुलं घर सोडून अमरत्वाची विद्या शिकायला डोंगरात पळाल्याच्या बातम्याही तेव्हा फिरत होत्या, त्यात खरं किती हे सोडा. १९३१ मध्ये नानजिंगच्या (तेव्हाच्या राजधानीतल्या) राष्ट्रवादी सरकारच्या सेन्सॉरने अंधश्रद्धेच्या नावाखाली हा प्रकारच बंद केला. १८ पैकी एकही भाग आज पूर्ण उपलब्ध नाही. त्या काळचा बघायला मिळतो तो १९२९ चा 'लाल वीरांगना'.

पुढे सगळं हाँगकाँगला गेलं. १९५४ च्या जानेवारीत मकावला तायची आणि पांढरा बगळा या दोन पंथांच्या गुरूंची जाहीर लढत झाली, ती काही फार रंगली नाही, पण वर्तमानपत्रांनी इतकी गाजवली की तीनच दिवसांनी एका सांजदैनिकात ल्यांग यूशेंगची वूश्या कादंबरी रोज छापून यायला लागली. पुढच्या वर्षी त्याच पेपरात जिन योंग या लेखकाची कादंबरी सुरू झाली. या 'नव्या' वूश्या लेखनातूनच पुढच्या सिनेमाला वाचक, म्हणजे प्रेक्षक, तयार मिळाले.

हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओने १९६५ च्या शेवटाला आपल्याच मासिकातून 'नवं वूश्या शतक' जाहीर केलं. जादूटोणा कमी, मारामारी खरी, आणि नजर जपानी सामुराईपटांवर. त्यातून दोन दिग्दर्शक निघाले आणि दोघांचे रस्ते अगदी उलटे.

किंग हू हा बीजिंगचा, पेकिंग ऑपेराच्या (चिनी संगीत नाटकाच्या) वातावरणात वाढलेला. त्याच्या १९६६ च्या 'दारुड्या वीर' (इंग्रजी नावाचा अर्थ 'ये, माझ्यासोबत पी') या पिक्चरचं नाव दारुड्याचं असलं तरी पिक्चर आहे चेंग पेई-पेईचा. ती तेव्हा जेमतेम विशीची, बॅले शिकलेली, तलवार शिकलेली नव्हे, आणि हूला तेच हवं होतं कारण त्याच्या लेखी लढाई म्हणजे नाच. सराईतला सीन बघा: ती पुरुषाच्या वेषात एकटी बसलीय, भोवती गुंड, आणि लढाई सुरू व्हायच्या आधीच नजरानजर आणि शांतता यांवर तो सीन ताणत नेतो, ऑपेरातल्या पखवाजासारखी थाप मधेच पडते. मग हू तैवानला गेला आणि १९६७ चा 'ड्रॅगन सराई' काढला, काळ १४५७, मंत्री यू छ्येनचा शिरच्छेद झाल्यानंतरचा (खऱ्या इतिहासातला प्रसंग), खलनायक दोंगछांग या गुप्तहेर खात्याचा खोजा अधिकारी. १९७०-७१ मध्ये दोन भागांत आलेल्या 'अ टच ऑफ झेन'मध्ये पहिली धड लढाई यायला जवळपास तासभर जातो. त्यातल्या बांबूच्या बनातल्या एका लढाईला २५ दिवस लागले असं सांगतात.

उडी कशी दिसते हा यातला तांत्रिक मुद्दा. छिंगगोंग, म्हणजे अंग हलकं करायची कला, दाखवायची तर तार लावा किंवा जमिनीत ट्रॅम्पोलिन लपवा, दोन्ही चालायचं, हूकडे हान यिंगज्ये हा ऑपेरातून आलेला माणूस हे बघायचा. पण हूची खरी करामत एडिटिंगमध्ये: उडी सुरू, पानं, सावली, उतरणारे पाय, आणि मधला भाग काही फ्रेममध्ये इतका झटकन की डोळ्याला पुरता पकडता येत नाही. सिनेमाचे अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी याला 'झलक' म्हटलंय, म्हणजे हू वेग दाखवत नाही, आपण बघायला उशीर केला असं वाटायला लावतो. तारेवरचं लांबलचक तरंगणं त्याच्यापुढे आळशी वाटतं, निदान या नोंदकाराला.

चांग चेह उलट. त्याचं म्हणणं की पडद्यावर बायकांचंच राज्य चाललंय, आता पुरुषी जोर हवा. १९६७ चा त्याचा 'एकहाती तलवारबाज' हाँगकाँगमध्ये दहा लाख हाँगकाँग डॉलरवर गेलेला पहिला स्थानिक पिक्चर मानतात. गुरूची मुलगी रागात नायकाचा उजवा हात तोडते, तो अर्धी जळालेली पोथी आणि बापाची तुटकी तलवार यांवर डाव्या हाताने नव्याने शिकतो, गुरूला वाचवतो आणि शेवटी शेती करायला निघून जातो. रक्त भरपूर, पण तो शेवट मात्र जुन्या श्याचाच.

१९७१ मध्ये ब्रूस लीचा पहिला मोठा कुंगफू पिक्चर आला आणि तलवारी काही वर्षं म्यान झाल्या. १९७६ पासून दिग्दर्शक चोर यूएनने वूश्या लेखक गू लोंगच्या कादंबऱ्यांवर धुकं, कंदील आणि कारस्थानांनी भरलेले पिक्चर काढले. १९८३ पासून दिग्दर्शक त्सुई हार्कने स्पेशल इफेक्ट आणले, १९९० च्या सुरुवातीला पुन्हा लाट आली. २००० च्या 'क्राउचिंग टायगर'ला चार ऑस्कर मिळाले, चेंग पेई-पेई त्यात खलनायिका, पण चिनी प्रेक्षकांत तो बाहेर गाजला तितका सुरुवातीला गाजला नाही, नटांच्या मँडरिन उच्चारांवरून बरीच टिंगल झाली.

शॉ ब्रदर्सचे बहुतेक पिक्चर वर्षानुवर्षं गोदामात पडून होते, हक्क विकले गेल्यावर २००२ पासून ते साफ करून डीव्हीडीवर आले. २०१५ च्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शक होउ श्याओ-श्येनला न्ये यिनन्यांगच्या गोष्टीवरच्या पिक्चरसाठी दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, आणि त्याच वर्षी तिथे 'अ टच ऑफ झेन'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली.