सॉफ्टवेअर दस्तऐवजांतील चिन्हविसंगती

एकच चिन्ह दोन अर्थांनी किंवा एकच अर्थ दोन चिन्हांनी मांडल्यामुळे तांत्रिक माहितीपुस्तिकांत निर्माण होणारा दोष. कमांडच्या मांडणीतली काही चिन्हे जशीच्या तशी टाइप करायची असतात, तर काही फक्त वाचकाला सूचना देतात. हा भेद पानागणिक बदलला की वाचक अंदाजाने चालू लागतो.

युनिक्स या संगणकप्रणालीच्या परंपरेत चौकोनी कंसातला भाग ऐच्छिक, उभी रेघ म्हणजे पर्याय आणि तीन टिंबे म्हणजे पुनरावृत्ती असा प्रघात आहे. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकात तो नोंदलेला आहे. कोनी कंसातल्या नावाच्या जागी प्रत्यक्ष मूल्य घालायचे असते. नवशिका ते कंसासकट चिकटवतो आणि शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) त्या कंसांना फाइलमधून वाचण्याची व फाइलमध्ये लिहिण्याची खूण समजते. यात त्याला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण अनेकदा त्याच पुस्तिकेत आधी तीच जागा तिरप्या अक्षरांत दाखवलेली असते. हॅश चिन्ह याहून फसवे. ओळीच्या आरंभी ते रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्याचा प्रॉम्प्ट (कमांड मागणारी खूण) दर्शवते. बॅश या शेलमध्ये मात्र तिथून टिप्पणी, म्हणजे शेल दुर्लक्षित करते तो मजकूर, सुरू होते. पूर्ण ओळ चिकटवली तर काहीच घडत नाही, त्रुटीचा संदेशही येत नाही.

प्रोग्रॅमिंग भाषांच्या व्याकरणलेखनात हा प्रश्न जुना आहे. अल्गोल ६० या भाषेच्या अहवालाने व्याकरणाचे नियम लिहिण्याची बॅकस-नाउर पद्धत रूढ केली, पुढे तिचे असंख्य अवतार निघाले. संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९७७ मध्ये या अनावश्यक विविधतेवर बोट ठेवून स्वतःची पद्धत सुचवली. तिच्यात महिरपी कंस पुनरावृत्ती दाखवतात. कमांडच्या पुस्तिकांत तेच कंस ‘यांपैकी एक निवडा’ असे सांगतात. इंटरनेट मानकांच्या एबीएनएफमध्ये (बॅकस-नाउरचाच एक अवतार) पुनरावृत्तीचे तारांकन घटकाच्या आधी येते, रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर शोधण्याच्या नमुन्यांत) नंतर. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९६ मध्ये बॅकस-नाउरच्या विस्तारित पद्धतीला प्रमाणित रूप दिले, तरी एकवाक्यता झाली नाही.

एककांचेही तेच. १९९८ मध्ये आयईसी या विद्युत-तंत्रविषयक मानक संस्थेने १०२४ च्या पटींसाठी किबी, मेबी, गिबी हे उपसर्ग ठरवले, पण ‘जीबी’ आजही १००० च्या आणि १०२४ च्या पटी अशा दोन्ही अर्थांनी छापले जाते. फरक सुमारे ७.४ टक्के पडतो.

संकेतांची यादी प्रस्तावनेत देणे हा नेहमीचा उपाय अपुरा आहे, कारण वाचक शोधातून थेट मधल्या पानावर उतरतो. प्रत्येक मांडणीखाली खरी मूल्ये भरलेले, तपासून पाहिलेले एक उदाहरण देणे अधिक उपयोगी ठरते.