कर्जमर्यादा आणि शटडाऊन: अमेरिकेच्या तिजोरीवरच्या भांडणाची पार्श्वभूमी

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस अमेरिकेचं केंद्र सरकार अर्धंमुर्धं बंद होतं. त्याआधी तीनच महिने, ४ जुलैला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यानं देशाची कर्जमर्यादा ५ लाख कोटी डॉलरनं वाढवली होती. आपल्याकडच्या बातम्यांत ही दोन प्रकरणं सर्रास एकाच टोपलीत पडतात आणि 'अमेरिकेकडचे पैसे संपले' हा मथळा दोन्हींना चालवून घेतला जातो. ही सरमिसळ आधी सोडवायला हवी. शटडाऊनमध्ये तिजोरीत पैसे असतात, पण ते खर्चायला संसदेची मंजुरी नसते. कर्जमर्यादेच्या पेचात नेमकं उलट होतं. खर्च करायचा कायदेशीर आदेश संसदेनं आधीच दिलेला असतो, पण त्यासाठी लागणारं कर्ज काढायला तीच संसद मनाई करून बसलेली असते. दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या राज्यघटनेत नाहीत. कर्जमर्यादा १९१७ सालच्या कायद्यातून आली, शटडाऊन १९८० सालच्या एका कायदेशीर सल्ल्यातून.

मराठी वाचकाला हे सगळं विचित्र वाटतं ते साहजिक आहे. आपल्याकडे अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकारच पडतं. निवडणुकीच्या वर्षात लेखानुदान घेतात, अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, आणि कारभार चालू राहतो. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मतानं पडलं, तरी पुढच्या काही दिवसांत सगळ्या पक्षांनी मिळून अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर केला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून येतो आणि संसदेचा त्याच्यावरचा विश्वास हा मुद्दाच तिथे नाही. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, प्रतिनिधिगृह दुसऱ्याचं, आणि कोणीही कोणाला घालवू शकत नाही, अशी कोंडी वर्षानुवर्षं राहू शकते. राज्यघटनेनं कर्ज काढायचा अधिकार संसदेला दिला आहे, एवढाच काय तो मूळ धागा.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा अधिकार संसद अगदी बारकाईनं वापरायची. प्रत्येक कर्जासाठी वेगळा कायदा व्हायचा: रक्कम किती, व्याज किती, मुदत किती, कारण काय. पनामा कालव्याचे रोखे असेच निघाले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि ही पद्धत अपुरी पडली, कारण आघाडीवर सैन्य पाठवायचं तर दर खेपेला मंजुरीची वाट पाहत बसता येत नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये 'दुसरा लिबर्टी बाँड कायदा' झाला. त्यानं अर्थखात्याला सांगितलं, या-या प्रकारच्या रोख्यांवर एवढी-एवढी मर्यादा. तिच्या आत तुम्ही तुमचं बघा. म्हणजे आज ज्या मर्यादेनं अर्थमंत्र्यांचे हात बांधले जातात, ती मुळात त्यांचे हात मोकळे करण्यासाठी आली होती. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. १९३९ मध्ये वेगवेगळ्या रोख्यांवरच्या मर्यादा काढून बहुतेक सगळ्या कर्जाला मिळून एकच मर्यादा घातली गेली: ४,५०० कोटी डॉलर. तीही अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ यांच्याच मागणीवरून आली, कारण अल्पमुदतीचे रोखे काढायचे की दीर्घ मुदतीचे, हे त्यांना बाजार बघून ठरवायचं होतं.

दुसऱ्या महायुद्धात मर्यादा ३०,००० कोटींपर्यंत गेली आणि युद्ध संपल्यावर २७,५०० कोटींवर आणली गेली. तिचा दबावासाठी वापर झाला तो १९५३ मध्ये. आयझेनहॉवर यांनी ती २९,००० कोटी करायची मागणी केली. प्रतिनिधिगृहानं होकार दिला, पण सिनेटमध्ये व्हर्जिनियाचे हॅरी बर्ड आडवे आले. बर्ड डेमोक्रॅट, राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन. पण हे भांडण निव्वळ पक्षाचं नव्हतं. सरकारनं अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं बर्ड यांचं प्रामाणिक मत होतं. अर्थखात्यानं मग तिजोरीत पडून असलेल्या सोन्यापैकी ५० कोटी डॉलरचं सोनं वापरून वेळ निभावली. पुढच्या वर्षी मर्यादा २८,१०० कोटींवर मिटली. मर्यादा आड आली की इकडची रक्कम तिकडे करून दिवस काढायचे, ही वाट तेव्हा पडली.

सत्तरच्या दशकात अर्थसंकल्पाची सगळी पद्धतच बदलली. संसदेनं मंजूर केलेले पैसे निक्सन खर्चच करत नव्हते. त्यांना वेसण घालायला १९७४ चा कायदा झाला, संसदेचं स्वतःचं अर्थसंकल्प कार्यालय उभं राहिलं आणि आर्थिक वर्षाची सुरुवात १ जुलैवरून १ ऑक्टोबरवर गेली. हेतू असा, की संसदेला नीट वेळ मिळावा. प्रत्यक्षात तेव्हापासून खर्चाची सगळी विधेयकं वेळेत मंजूर झाल्याची उदाहरणं अवघी चार आहेत. बाकी सगळी वर्षं तात्पुरत्या मंजुऱ्यांवर निघाली.

१९७९ च्या वसंतातली एक घटना फारशी कोणाला आठवत नाही. कर्जमर्यादा अगदी शेवटच्या घटकेला वाढवली गेली, त्यात अर्थखात्यातली धनादेश तयार करणारी यंत्रणा बिघडली आणि मुदत संपलेल्या सुमारे १२.२ कोटी डॉलरच्या ट्रेझरी बिलांचे, म्हणजे अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांचे, पैसे लहान गुंतवणूकदारांना उशिरा मिळाले. रक्कम क्षुल्लक होती, दिरंगाई थोड्या दिवसांची होती, पण जगातला सर्वांत भरवशाचा समजला जाणारा ऋणको तारखेला पैसे देऊ शकला नव्हता. त्याच वर्षी मिसूरीचे खासदार रिचर्ड गेफार्ट यांनी साधा उपाय काढला: प्रतिनिधिगृहानं अर्थसंकल्पाचा ठराव मंजूर केला, की त्याला लागणारी कर्जमर्यादाही मंजूर झाली असं समजायचं. खर्चाला हो म्हणणाऱ्यानंच कर्जालाही हो म्हणायचं. हा नियम पुढे कधी ठेवला गेला, कधी काढला गेला. तो जेव्हा काढला गेला, तेव्हा तेव्हा पुढच्या भांडणाची तयारी चालू आहे असं समजावं.

शटडाऊनची गोष्ट १९८० ची. त्याआधीही मंजुरीत खंड पडायचा, पण कार्यालयं चालूच राहायची. मंजुरी आज ना उद्या येणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असायचं. एप्रिल १९८० मध्ये अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एकोणिसाव्या शतकातल्या एका कायद्यावर बोट ठेवून सल्ला दिला: मंजुरी नाही तर काम नाही, आणि जो काम चालू ठेवेल त्याच्यावर खटला होऊ शकतो. लगेच १ मे १९८० ला फेडरल ट्रेड कमिशन हा व्यापारावर देखरेख ठेवणारा आयोग एक दिवस बंद राहिला. जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचं काम चालू ठेवायची सवलत सिव्हिलेटी यांनी जानेवारी १९८१ मध्ये दिली. कायदा काटेकोर पाळण्यासाठी दिलेला हा सल्ला पुढे राजकीय शस्त्र होईल, अशी कोणाचीच कल्पना नव्हती.

ते शस्त्र उपसलं प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती न्यूट गिंग्रिच यांनी. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षानं ४० वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलं होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, या हिशेबानं गिंग्रिच यांनी क्लिंटन यांच्यापुढे दोन्ही गोष्टी एकदम ठेवल्या: आमच्या कपाती मान्य करा, नाहीतर खर्चाची मंजुरीही नाही आणि कर्जमर्यादाही नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये ५ दिवस आणि डिसेंबर-जानेवारीत २१ दिवस सरकार बंद राहिलं. अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन यांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीतली रक्कम तात्पुरती बाजूला घेऊन कर्जफेड चालू ठेवली, तर त्यांच्यावर महाभियोग चालवायची भाषा झाली. अखेर मार्च १९९६ मध्ये मर्यादा वाढली, लोकांचा रोष रिपब्लिकन पक्षावर निघाला, आणि क्लिंटन त्या वर्षी पुन्हा निवडून आले.

या खेळात एकच पक्ष दोषी आहे असं मात्र नाही. मार्च २००६ मध्ये बुश यांच्या काळात मर्यादा वाढवायचा ठराव सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी कसाबसा पार पडला. विरोधात मत देणाऱ्यांत बराक ओबामा नावाचे नवे सिनेटर होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ते मत चुकीचं होतं हे त्यांनी मान्य केलं. पण २००६ पर्यंत विरोधी मत हा बहुतांशी निषेध असायचा. ठराव पडणार नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक असायचं. २०११ मध्ये हे भान सुटलं. टी पार्टी या सरकारी खर्चाला विरोध करणाऱ्या चळवळीच्या लाटेत निवडून आलेल्या नव्या खासदारांपैकी काहींना मर्यादा वाढलीच नाही तरी चालणार होतं. ओबामा आणि सभापती जॉन बेनर यांच्यातली मोठ्या तडजोडीची बोलणी फिसकटली आणि करारावर सही झाली ती थेट २ ऑगस्टला, अर्थखात्यानं दिलेल्या अखेरच्या तारखेलाच. तीन दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेनं अमेरिकेचं पतमानांकन इतिहासात पहिल्यांदा खाली आणलं. सरकारी लेखापरीक्षकांच्या अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात नुसत्या अनिश्चिततेपायी व्याजाचा भार १३० कोटी डॉलरनं वाढला. कर्ज कमी करायच्या नावानं सुरू झालेल्या भांडणानं कर्ज महाग करून ठेवलं.

२०१३ ची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. अर्थखातं रोज संध्याकाळी तिजोरीचा ताळेबंद प्रसिद्ध करतं. त्या वर्षी मेच्या मध्यापासून 'मर्यादेखालील एकूण कर्ज' या ओळीत रोज तोच आकडा येत राहिला: १६ लाख ६९ हजार ९३९ कोटी ६० लाख डॉलर. मर्यादेच्या फक्त अडीच कोटी खाली. रोज हजारो कोटींची उलाढाल होत होती, रोखे निघत होते, फेडले जात होते, आणि तो आकडा ऑक्टोबरपर्यंत जागचा हलला नाही. निवृत्तिनिधीत जमा होणारी रक्कम नावावर न लिहिता बाजूला ठेवून तो तिथे खिळवला जात होता. एवढ्या मोठ्या देशाच्या खजिन्यातली हुशार माणसं पाच महिने या कामाला लागली होती. ऑक्टोबरमध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावरून १६ दिवस शटडाऊन झालं, आणि शेवटी कायदा जिथल्या तिथे राहिला.

शटडाऊनची झळ कोणाला बसते, हे २०१८-१९ मध्ये दिसलं. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांना ५७० कोटी डॉलर हवे होते. ३५ दिवस सरकार बंद राहिलं. विमानतळावर सामान तपासणारे आणि हवाई वाहतूक नियंत्रक बिनपगारी कामावर येत होते, आणि पगार बुडालेले सरकारी कर्मचारी मोफत अन्नवाटपाच्या रांगेत उभे होते. २५ जानेवारीला पुरेसे नियंत्रक कामावर नसल्यानं न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरची उड्डाणं खोळंबली आणि त्याच दिवशी तोडगा निघाला. त्या शटडाऊनमध्येच कायदा झाला, की सरकारी नोकरांना थकलेला पगार मिळेलच. कंत्राटदाराकडे झाडलोट करणाऱ्या आणि कँटीन चालवणाऱ्यांचा त्यात समावेश नाही. त्यांचे ते दिवस कायमचे बुडतात. आपल्या घरांपर्यंतही हे पोचतं: २०१३ आणि २०२५ या दोन्ही वेळी कामगार खात्याची परदेशी कर्मचाऱ्यांची मंजुरी थांबली, आणि एच-१बी व्हिसावर नोकरी बदलू पाहणाऱ्यांचे अर्ज अडकले. रिझर्व्ह बँकेच्या परकीय गंगाजळीचाही मोठा हिस्सा अमेरिकी रोख्यांत आहे, तेव्हा वॉशिंग्टनच्या तारखांवर मुंबईतल्या मिंट रोडचं लक्ष असणारच.

२०२३ मध्ये केव्हिन मॅकार्थी १५ व्या फेरीत कसेबसे सभापती झाले ते कर्जमर्यादेच्याच प्रश्नावर रिपब्लिकन पक्षातल्या कडव्या गटाला आश्वासनं देऊन. बायडेन यांच्याशी समझोता झाला, ३ जूनला सही झाली; अर्थखात्यानं सांगितलेली तारीख ५ जून होती. ऑगस्टमध्ये फिचनं मानांकन उतरवलं. ऑक्टोबरमध्ये मॅकार्थींची सभापतिपदावरून हकालपट्टी झाली. मूडीजनंही मे २०२५ मध्ये मानांकन उतरवलं, आणि तिन्ही मोठ्या संस्थांकडची सर्वोच्च श्रेणी गेली.

कर्जाची काळजी करणाऱ्यांना मी चुकीचं म्हणत नाही. व्याजावर जाणारा पैसा शाळांवर आणि रुग्णालयांवर जात नाही, हे अमेरिकेतही खरं आहे. पण कर्ज कमी करायची जागा खर्चाच्या आणि कराच्या मतदानात आहे, आणि त्या दोन्ही मतदानांत दोन्ही पक्षांनी हात सैल सोडलेला आहे. डेन्मार्कमध्येही कायद्यानं कर्जमर्यादा आहे. ती प्रत्यक्ष कर्जाच्या कितीतरी वर ठेवलेली असल्यानं तिच्यावरून भांडण होत नाही. अमेरिकेनं ती रद्द करावी किंवा गेफार्ट नियम कायमचा करावा, असं मला मनापासून वाटतं.

सध्याची मर्यादा ४१.१ लाख कोटी डॉलर आहे आणि वर्षाची तूट पावणेदोन-दोन लाख कोटींच्या घरात. या वेगानं ती संपायला फार वर्षं लागणार नाहीत. ती जवळ आली, की त्या वेळचे अर्थमंत्री सभापतींना पत्र लिहितील, की आजपासून खातं 'असाधारण उपाय' सुरू करत आहे. ताळेबंदातली ती ओळ पुन्हा एका आकड्यावर थांबेल.