३० जूनचा तांदूळ

जपानचं कृषी मंत्रालय देशातला तांदळाचा साठा ३० जूनच्या तारखेला मोजतं. मुख्य पीक तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात हाती येतं. त्यामुळे जूनअखेर गोदामांत जे उरलेलं असेल, त्यावरच नवा तांदूळ येईपर्यंतचे महिने काढायचे असतात. हा आकडा म्हणजे वर्षभराच्या हिशेबाची शिल्लक.

हिशेब अगदी प्राथमिक शाळेतला आहे. जून २०२२ च्या अखेरीला खासगी साठा, म्हणजे शेतकरी, सहकारी संस्था आणि घाऊक व्यापारी यांच्याकडचा मिळून, २१.८ लाख टन होता. त्या वर्षी पीक आलं ६७ लाख टन, देशाने खाल्ला ६९.१ लाख टन. उरला १९.७. पुढच्या वर्षी पीक ६६.१, खप ७०.५. जून २०२४ मध्ये उरला १५.३ लाख टन, १९९९ नंतरचा नीचांक.

यातली मेख वजाबाकीत आहे. साठा हा दोन मोठ्या आकड्यांमधला लहानसा फरक असतो, आणि मोठ्या आकड्यांतली किरकोळ चूक त्या फरकात सगळीच्या सगळी येऊन पडते. त्या वर्षी खप ६८.१ लाख टन होईल असा मंत्रालयाचा अंदाज होता. तो चुकला २.४ लाख टनांनी, म्हणजे साडेतीन टक्क्यांनी. अशा अंदाजात एवढं इकडेतिकडे झालं तर कोणी भुवई उंचावणार नाही. पण अपेक्षित शिल्लक होती १७.७ लाख टन, आणि तिच्या तुलनेत हीच तूट साडेतेरा टक्क्यांची होते.

अंदाज चुकला कसा? १९६२ साली जपानी माणूस वर्षाला ११८ किलो तांदूळ खायचा; आता ५० किलोंच्या आसपास. देशाचा खप दरवर्षी साधारण लाख टनांनी घसरतो आहे, आणि मंत्रालयाने तीच उतरती रेघ पुढे ओढली. पण २०२३ मध्ये पाव आणि नूडल्स महागले, त्यांच्यापुढे भात स्वस्त वाटू लागला. परदेशी पर्यटकांच्या सुशी खाण्यावरही बरंच खापर फुटलं. प्रत्यक्षात त्यांचा वाटा जेमतेम ५० हजार टनांच्या आसपास. पाहुण्यांना बोल लावणं सगळीकडेच सोपं असतं.

खरी गंमत दाण्याच्या आत होती. १८९८ पासूनच्या नोंदींत जपानचा २०२३ चा उन्हाळा तोवरचा सर्वांत उष्ण ठरला. भात निसवल्यानंतर, म्हणजे लोंब्या बाहेर आल्यावर, दाणा भरण्याच्या पहिल्या वीसेक दिवसांत सरासरी तापमान २६-२७ अंशांच्या वर राहिलं, तर पिष्टाचे कण एकमेकांना घट्ट चिकटून बसत नाहीत. मधे हवेच्या बारीक पोकळ्या राहतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि दाणा काचेसारखा पारदर्शक न दिसता खडूसारखा पांढुरका दिसतो. निइगाता प्रांताच्या नावाजलेल्या कोशिहिकारी तांदळात एरवी बहुतांश माल पहिल्या प्रतीचा असतो. त्या वर्षी ते प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आलं. असा पोकळ दाणा गिरणीत कोंडा काढताना तुटतो. जपानची सगळी आकडेवारी कोंडा न काढलेल्या तपकिरी तांदळाची. कागदावर ६६.१ लाख टन बरोबरच होते, पण त्यातून पांढरा तांदूळ कमी निघाला आणि कणी जास्त. तेवढाच भात शिजवायला जास्त तपकिरी तांदूळ लागला आणि हिशेबात तो ‘खप वाढला’ म्हणून नोंदला गेला.

मग २०२४ चा ऑगस्ट आला. ८ तारखेला क्यूशू बेटाजवळच्या ह्युगानाडा समुद्रात ७.१ क्षमतेचा भूकंप झाला, महाभूकंपाच्या शक्यतेची सूचना प्रथमच जाहीर झाली आणि लोक तांदूळ भरून ठेवायला धावले. जपानात साडेपाच कोटींच्या घरात कुटुंबं आहेत. प्रत्येकाने ५ किलोंची एकच पिशवी जास्तीची घेतली, तरी पावणेतीन लाख टन होतात. हा तांदूळ कोणी खाल्लेला नाही. तो गोदामातून स्वयंपाकघरात गेला, पण तिथे मोजणी पोहोचत नाही. दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. ऑक्टोबरपासून पुरवायचा नवा तांदूळ ऑगस्ट-सप्टेंबरातच विकला गेला आणि तूट पुढच्या वर्षावर ढकलली गेली. मे २०२५ मध्ये ५ किलोंच्या पिशवीची सरासरी किंमत ४,२०० येनांच्या वर होती, आदल्या वर्षीच्या दुप्पट.

तूट काही टक्के आणि भाव दुप्पट, हे पटत नाही खरं. पण भात महागला म्हणून लोक एकदम कमी जेवत नाहीत, आणि पीक वर्षातून एकदाच येतं. दोन्ही बाजू हटत नाहीत, तेव्हा मधला साठाच काय तो धक्का खातो. तो आटला की सगळा भार भावावर.

याहून वाईट वर्ष जपानने पाहिलं होतं. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने गंधकाचे वायू वातावरणाच्या वरच्या थरात फेकले आणि पुढची काही वर्षं पृथ्वी किंचित थंड राहिली. १९९३ च्या थंड उन्हाळ्यामागे त्याचाही हात मानला जातो. ईशान्य किनाऱ्यावर ‘यामासे’ हा समुद्रावरचा गार वारा तर ठाण मांडून बसला होता. भात पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात, असताना गारठा पडला की परागकण नीट तयार होत नाहीत आणि लोंबी पोचट राहते. पीक सरासरीच्या ७४ टक्क्यांवर आलं. ७८ लाख टन पीक, सुमारे १०० लाख टनांची गरज आणि सरकारी साठा ३ लाख टनांहूनही कमी. सुमारे २६ लाख टन तांदूळ थायलंड, चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून आणावा लागला. १९७० च्या सुमारास याच देशाला ७२ लाख टन जुन्या तांदळाचं करायचं काय हा प्रश्न पडला होता, आणि म्हणून शेती कमी करायला लावली होती.

१९९३ नंतर राखीव साठा कायद्याने आला. दहा वर्षांतून एकदा येणारं वाईट पीक किंवा ओळीने दोन मध्यम वाईट वर्षं निभावतील, असा सुमारे १० लाख टनांचा. दरवर्षी २ लाख टन घ्यायचा, पाच वर्षं ठेवायचा, मग पशुखाद्याला काढायचा. पाचच वर्षं का, तर कोंड्याच्या थरातलं तेल. गोदाम १५ अंशांच्या खाली ठेवलं तरी ते हळूहळू विघटित होतं, हवेशी संयोग पावतं आणि हेक्झॅनलसारखी वासाची द्रव्यं तयार होतात. आपल्याकडे दुकानदार ‘जुना आहे, भात मोकळा होईल’ म्हणून दोन पैसे जास्त मागतो. जपान्यांना हवा चिकट, चमकदार, यंदाचा. त्यामुळे जुना होईल तसा साठ्याचा भाव पडतोच.

हा साठा दुष्काळासाठी होता, महागाईसाठी नव्हे. म्हणून सरकार बराच काळ अडून बसलं. मार्च २०२५ मध्ये लिलाव झाले, पण माल दुकानांत पोहोचेना. मेमध्ये ‘मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही’ असं बोलून बसलेल्या कृषिमंत्र्यांना पद सोडावं लागलं. नवे मंत्री शिंजिरो कोइझुमी यांनी लिलाव गुंडाळून तांदूळ थेट किरकोळ विक्रेत्यांना दिला. तीन-चार वर्षांपूर्वीचा तांदूळ ५ किलोंना २,००० येनांच्या आसपास विकला गेला आणि त्यासाठी रांगा लागल्या.

सुमारे ९ लाख टनांच्या राखीव साठ्यातून ८ लाखांच्या वर बाहेर काढायचं ठरलं होतं. वर्षाला २ लाख टनांच्या नेहमीच्या वेगाने तो भरायला चार वर्षं लागतील. शिवाय सुरुवातीच्या लिलावांना अट होती की तितकाच तांदूळ सरकार पुढे परत विकत घेईल. त्यासाठी आधी एक वर्षाची मुदत होती, ती नंतर पाच वर्षांची केली गेली. बाजारात माल तुटपुंजा असताना सरकारच गिऱ्हाईक म्हणून उतरलं, तर भाव पुन्हा चढेल.