पाऊणकी, भरती आणि आजोबांचा मेंदू

चतुर्थीला खाडीत भरती किती वाजता? बेलापूरच्या दिवाळे गावातल्या नाहीतर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून बघा, मोबाईल न काढता सांगेल, चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या आसपास, पहाटे पण आणि दुपारी पण. अष्टमीला आठ पाऊण सहा. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा, त्याने तिथीची पाऊणपट केली की झालं, पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं.

यात पूर्ण विज्ञान आहे हो. चंद्र पृथ्वीभोवती रोज थोडा पुढे सरकतो, त्यामुळे तो परत त्याच जागी दिसायला साधारण 24 तास 50 मिनिटं लागतात आणि भरतीही रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, तोंडी हिशोबाला 50 चे 45, म्हणजे पाऊण तास, धरले की पाऊणकी लागू पडते, आणि आत ठाण्याकडे पाणी चढायला अजून थोडा वेळ लागतो तो वेगळा धरायचा. आपल्या सहावी-सातवीच्या पोरांना अपूर्णांक येतात, चंद्राच्या कलाही पाठ असतात, पण या दोन गोष्टी एकत्र कुठे वापरतात ते त्यांना कोणी दाखवतच नाही, आणि ज्यांना दाखवता येईल ते घरी टीव्हीसमोर बसलेत.

वय झालं की हात स्लो होतो हे खरंच आहे. पण टिमथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने 1984 साली 19 ते 72 वयाच्या टायपिस्टांवर एक अभ्यास केला, त्यात वयस्कर लोकांची बोटं हळू चालत होती तरी टायपिंगचा स्पीड तरुणांइतकाच, कारण ते मजकुरात पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवत होते! अनुभव म्हणजे हे पुढचं बघणं. जाळं विणणाऱ्या आजीचं, रंधा मारणाऱ्या काकांचंही असंच काहीतरी असणार असं मला वाटतं, फक्त ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की स्वतःलाही सांगता येत नाही, समोर पोरगं बसून "असं का?" विचारतं तेव्हा पहिल्यांदा शब्दात आणावं लागतं.

आणि त्याचा फायदा फक्त पोरांना नाही. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये एक्सपिरियन्स कॉर्प्स नावाच्या उपक्रमात साठीच्या पुढचे लोक आठवड्याला 15 तास प्राथमिक शाळेत मुलांना वाचायला वगैरे मदत करायचे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून 702 जणांवर ट्रायल झाली. त्यातल्या काहींचे 2 वर्षं एमआरआय काढले, 2015 मध्ये निष्कर्ष आले, की शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये मेंदूचा आकार, जो या वयात कमीच होत जातो, तो किंचित वाढलेला दिसला. बायकांमध्ये फरक बराच कमी होता. एकच ट्रायल आहे, म्हणून लगेच औषध म्हणून विकू नये, पण चालणं, माणसं भेटणं आणि डोकं चालवणं तिन्ही एकाच कामात होतं हे कारण पटण्यासारखं आहे.

म्हणूनच वर्षातून एकदा आजी-आजोबा दिवस करून गुलाबाचं फूल देणं मला पुरेसं वाटत नाही, त्यात आजोबा पाहुणेच राहतात. दर आठवड्याला ठरलेला तास हवा, वर्गात ताई किंवा सर सोबत हवेत, येण्याजाण्याचं रिक्षाभाडं शाळेने द्यावं आणि जमलं तर मानधनही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी 10 दिवस दप्तराविना ठेवायचे म्हटलंय, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून शिकायला. नवी मुंबईत तर बहुतेक नोडला, म्हणजे वाशी, नेरूळसारख्या वसवलेल्या विभागाला, लागून एखादं गावठाण आहे, शाळेच्या गेटपासून बऱ्याचदा चालत जाण्याइतकं. सुरुवात पाऊणकीपासून करता येईल, आठवडाभर पोरांनी भरतीची वेळ काढायची आणि खाडीवर जाऊन आजोबांबरोबर ताडून बघायची.