प्लॅटिनमची काटकसर आणि इंधन घटाचं आयुष्य

ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्यात पाषाणच्या एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीची चाचणी झाली. केपीआयटी ही पुण्याची कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी ती मिळून केली होती. २१ ऑगस्ट २०२२ ला पुण्यातच तशी बस आली. दोन्ही वेळा ‘धुराड्यातून फक्त पाणी’ याचंच कौतुक. अशा गाडीत इंधन घट (फ्युएल सेल) असतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून वीज देणारा. त्यातला उत्प्रेरक, म्हणजे ही क्रिया वेगानं घडवणारं प्लॅटिनम, किती दिवस टिकणार, हे विचारायचं बहुतेकांचं राहून गेलं.

टिकण्याची ही अडचण काटकसरीतून जन्मली. १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्हनं हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज काढली, ती प्लॅटिनमच्या अखंड पट्ट्या वापरून. १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-५ अंतराळयानात इंधन घट गेला, तेव्हाही प्लॅटिनमच्या खर्चाची फिकीर नव्हती. मोटारीला मात्र ते परवडणार नव्हतं. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत चौरस सेंटीमीटरमागे ४ मिलिग्रॅम लागणारं प्लॅटिनम ०.४ वर आणलं गेलं. त्यासाठी कार्बनवर बसवलेले प्लॅटिनमचे दोन-तीन नॅनोमीटरचे कण कामी आले. डोळ्यांना दिसते ती नुसती काजळीसारखी पूड. अल्कोहोलात कालवून शाईसारखी फवारायची.

पण इतका बारीक कण स्थिर बसत नाही. बस विद्यापीठ चौकात सिग्नलला थांबली की भार उतरतो आणि व्होल्टेज चढतं. निघाली की पुन्हा पडतं. या चढउतारात प्लॅटिनम थोडं थोडं विरघळतं आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतं. मोठा मासा लहान माशाला खातो, अगदी तसंच. धातू बराचसा तिथेच असतो, पण कामाचा पृष्ठभाग घटतो. घट बंद-चालू करताना तर धन (ऑक्सिजनच्या) बाजूचं व्होल्टेज दीड व्होल्टच्या आसपास जाऊ शकतं. मग खालचा कार्बनच जळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि कणांचा पायाच निखळतो.

उपायही एकमेकांना छेद देतात. कार्बन ग्रॅफाइटसारखा केला तर गंजायला चिवट होतो, पण त्या गुळगुळीत पृष्ठभागावर प्लॅटिनम नीट धरत नाही. कोबाल्टशी मिश्रधातू केला तर काम वाढतं, पण कोबाल्ट हळूहळू पाझरून दोन बाजूंमधल्या पडद्यात शिरतो. प्लॅटिनम पूर्ण टाळायची वाट १९६४ मध्ये जासिन्स्की या संशोधकानं कोबाल्ट थॅलोसायनिन हे संयुग वापरून दाखवली. तिचे आजचे वारस, लोह-नायट्रोजन-कार्बनचे उत्प्रेरक, सुरुवात जोरात करतात आणि घटातल्या आम्लात लवकर ढेपाळतात.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं मोटारीसाठी ५,००० तासांचं लक्ष्य ठेवलं, अवजड ट्रकसाठी २५,००० तासांचं. एवढा वेळ थांबणार कोण? म्हणून प्रयोगशाळेत व्होल्टेज ०.६ ते ०.९५ व्होल्ट असं ३०,००० वेळा वर-खाली करतात. दोन-अडीच दिवसांत उत्प्रेरकाचा कस कळतो.