पोळ्याचा बैल आणि देवमासा एकाच गोतातले

देवमासा हा मासा नाही, हे नागपुरातलं सातवीतलं पोरगंही सांगतं. फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला जन्म देऊन दूध पाजतो, म्हणून सस्तन. गुणही मिळतात. पण सस्तनांमध्ये तो नेमका कुणाचा भाऊबंद? पोळ्याला आपण ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, त्या बैलाचा!

मासा की सस्तन, हे भांडण जुनं. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने आधी देवमाशांना माशांतच घातलं होतं, १७५८ साली त्यांना सस्तनांत आणलं. तरी १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात ‘देवमाशाचं तेल हे माशाचं तेल का?’ असा खटला उभा राहिला आणि ज्युरीने चक्क ‘हो’ म्हटलं. खरं तर शेपटीकडे पाहिलं असतं तरी शंका यायला हवी होती. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. चौखूर धावणाऱ्या जनावराचा कणाही वर-खालीच वाकतो.

आता बैलाचं नातं. खाटकाकडून बकऱ्याच्या मागच्या पायाचं घोट्याचं हाड मागून आणा. जेमतेम इंचभर, पण वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना विहिरीच्या कप्पीसारखी खाच. घोड्यात ती फक्त वरच्या टोकाला असते. दोन्हीकडे खाच ही गाय, बकरी, हरीण, डुक्कर अशा समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येने खूर असलेल्या, प्राण्यांची खूण. १९९० च्या दशकात डीएनए तपासणारे म्हणू लागले की देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग पाणघोडा आहे, आणि पाणघोडा समखुरीच. हाडांचे अभ्यासक बधेनात. मग २००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या पायवाल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्यात तेच दुहेरी खाचेचं हाड निघालं, आणि बहुतेकांनी हार मानली.

आपल्या देशाचा वाटाही मोठा. ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञाने जम्मूतल्या कालाकोटहून दगड गोळा केले होते. त्यांच्या पश्चात पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाकडे सोपवले. दगडातून कवटी मोकळी करताना तिचा तुकडा चुकून तुटला आणि आतलं कानाचं हाड दिसलं: एका बाजूने जाडजूड, अगदी देवमाशाचं असतं तसं. हा इंडोह्यस. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराच्या आसपास आकाराचा, खूर असलेला. २००७ मध्ये तो जगापुढे आला.

म्हणून आता देवमाशांना समखुऱ्यांच्याच गणात धरतात. त्यांच्या पोटालाही अनेक कप्पे असतात, रवंथ मात्र ते करत नाहीत. मागचे पाय गेले, पण कमरेची दोन हाडं आजही मांसात रुतलेली आहेत. कण्याशी त्यांचा सांधा उरलेला नाही. जननेंद्रियांचे स्नायू त्यांना जोडलेले असतात, म्हणून ती अजून कामात आहेत.